शनिवारचा अहवाल

माझी बायको विसरायला लागली आहे हे सगळ्यांत शेवटी मला कळलं. शेजारणीला माझ्या आधी कळलं होतं, शाळेतल्या शिपायाला कळलं होतं, दूधवाल्यालाही बहुतेक कळलं होतं. आणि मला जन्मभर पगार मिळाला तो नेमका याच कामाचा, की मोठं काही बिघडायच्या आधी बारीक काय बिघडतंय ते ओळखावं. मी अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेची तपासणी करायचो. दिव्याखाली अंधार ही म्हण मी मराठी शाळेत दहा वेळा वाक्यात उपयोग करून दाखवली होती. ती एक दिवस आपल्या घराबद्दल खरी होईल असं वाटलं नव्हतं.

ऑफिस मुंबईत आणि घर पुण्यात, असा आमचा संसार. तिची नोकरी शनिवार पेठेतल्या एका शाळेत, कायमची, आणि ती स्वतः पुण्याची. "मुंबईत माणसं राहत नाहीत, मावतात," हे तिचं मत होतं, आणि पुणेकराचं मत बदलता येत नाही हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो. मी भंडाऱ्याकडचा. तीस वर्षं पुण्यात घर करूनही तिच्या लेखी मी पाहुणाच होतो, आणि सोमवारी पहाटे जाऊन शुक्रवारी रात्री परतणारा माणूस दुसरा कोण असतो? खडकीला स्टेशनपासून जवळ भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. त्याच खोल्यांत मुलगी मोठी झाली.

लग्न झालं तेव्हा ती तिसरीच्या वर्गाला शिकवायची. पहिल्याच वर्षी शाळेची तपासणी झाली आणि घरी येऊन तिनं मला त्यातलं गुपित सांगितलं. साहेब वर्गात येणार, प्रश्न विचारणार. अर्ध्या वर्गाला उत्तर येतं, अर्ध्याला येत नाही. पण हात सगळ्यांनी वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. बाई उजव्या हातांतल्याच एकाला उठवणार. साहेबांना काय दिसतं, तर अख्खा वर्ग हात वर करून बसलाय. साहेब खूश. शेरेबुकात लिहून जातात, 'वर्गाची तयारी उत्तम.'

"अगं, पण ही शुद्ध फसवणूक आहे," मी म्हणालो.

"कुणाची?" ती म्हणाली. "साहेबांना चांगला वर्ग बघायचा असतो, तो दाखवला. पोरांना चारचौघांत अपमान नको असतो, तो झाला नाही. डावा हात वर करणाऱ्याला मी आजवर एकदाही उठवलेलं नाही. आणि तुम्ही कशाला एवढे रागावताय? तुमच्या त्या भट्ट्यांतही डावे हात असतीलच. नीट बघत जा."

एका मुलानं घाबरून दोन्ही हात वर केले होते म्हणे. त्यालाही तिनं उठवलं नाही.

लोकांना वाटतं, अणुवीज केंद्राची तपासणी म्हणजे पांढरा कोट आणि हातात टिकटिक करणारं यंत्र. तेही असतं, पण बहुतेक काम वाचायचं. केंद्र वर्षभरात अचानक किती वेळा बंद पडलं. बाहेरची वीज गेली तर जे डिझेल जनरेटर लागतात, ते चाचणीच्या दिवशी पहिल्या झटक्यात सुरू झाले का. कामगारांच्या छातीवरच्या बिल्ल्यांत किती किरणोत्सार नोंदला गेला. दुरुस्तीची कोणती कामं 'पुढच्या महिन्यात' म्हणत म्हणत वर्षभर लांबली. प्रत्येक गोष्टीला एक मर्यादा ठरलेली. तिच्या आत असलं की तक्त्यात हिरवा रंग, बाहेर गेलं की पिवळा, फारच गेलं की लाल. मग आम्ही प्रत्यक्ष जायचो. जिने चढायचो, पंपाचा आवाज ऐकायचो, पाळीवरच्या माणसांबरोबर चहा घ्यायचो. तक्ता आणि माणूस एकच गोष्ट सांगतायत का ते बघायचं, की झाली तपासणी. ऐकायला सोपं वाटतं.

माझे पहिले वरिष्ठ फार कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे शाई बघायची. पंपघरातलं तापमान दर पाळीला लिहायचं असतं. तीन पाळ्या, तीन माणसं, आठवडाभराची नोंद, आणि सगळी एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेली दिसली, तर समजायचं की ती शेवटच्या दिवशी बसून भरली आहे. दुसरी गोष्ट बारीक घटनांच्या रजिस्टरची. बारीक घटना म्हणजे ज्यात काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. कुणी साखळी लावायला विसरला, कुणी चुकीचं बटण दाबून लगेच परत फिरवलं. मोठा अपघात कधी एकटा येत नाही, आधी वर्षभर त्याचे नातेवाईक येऊन जातात, असं ते म्हणायचे. "ज्याच्या रजिस्टरची पानं भरलेली आहेत त्याची चिंता करू नकोस. ज्याचं कोरं आहे त्याच्याकडे आधी जा."

हे शास्त्र मी घरीही आणलं, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं. सुरुवातीला घरी फोन नव्हता. बुधवारी ठरलेल्या वेळी ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर येऊन उभी राहायची आणि आमचं तीन मिनिटं बोलणं व्हायचं, त्यात घर काय कळणार? म्हणून मी तिला सांगितलं, आठवडाभरात जे काही बिघडेल ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेव. तिनं ते मनावर घेतलं. 'नळ गळतोय.' 'कन्येनं डबा तसाच परत आणला.' 'कुकरची शिट्टी उडाली, छताला डाग.' 'माझा घसा बसला, वर्ग खूश.' शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी कॅलेंडरपुढे उभा राहायचो आणि ती मागून विचारायची, "काय साहेब, वर्गाची तयारी कशी काय?"

आठवड्यातले पाच दिवस उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शनिवारी खाली उतरून नळाचा वॉशर बदलायचा. मी सुखी होतो. त्या चौकटी वाचताना मला आठवडाभर घरातच असल्यासारखं वाटायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती सांगायची मला लाज वाटते. एका केंद्रात, कुठल्या ते सांगत नाही, पंचेचाळिशीचा एक पाळीप्रमुख आपणहून माझ्याकडे आला. दुपारच्या पाळीत त्यानं चुकीची झडप उघडली होती. शेजारीशेजारी दोन झडपा, रंग एकच, पाट्या पुसट झालेल्या. अर्ध्या मिनिटात त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ती बंद केली. कुठे काटासुद्धा हलला नाही, आणि कुणी पाहिलंही नव्हतं. तरी तो सांगायला आला. "साहेब, पाट्या बदलून घ्या. उद्या दुसरा कुणी उघडेल," एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मी तेव्हा तरुण होतो, हुशार होतो आणि घाईत होतो. अहवालातल्या कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'कर्मचाऱ्याची चूक.' काही महिन्यांनी परत गेलो तर पाट्या त्याच होत्या, माणूस बदलला होता. त्याला स्टोअरमध्ये बसवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मीच दिली होती. कँटीनमध्ये तो समोर आला. मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "बरं आहे साहेब तिकडे. झडपा नाहीत." आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला.

त्यानंतर त्या केंद्राकडून बारीक घटनांचा जो अहवाल आला त्यात एकच शब्द होता: निरंक. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही, कळवण्यासारखं काहीच घडलं नाही. पुढच्या खेपेलाही निरंक. तक्ता हिरवागार झाला आणि बैठकीत त्या केंद्राचं कौतुक झालं. बैठक संपल्यावर वरिष्ठांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "हे तुम्ही केलंत. त्यांनी चुका थांबवलेल्या नाहीत, सांगणं थांबवलंय," ते म्हणाले. मला अहोजाहो ते फक्त रागावल्यावर करायचे. तिथल्या माणसांनी पुन्हा तोंड उघडायला कितीतरी वर्षं गेली. तेव्हापासून नव्या तपासनिसांच्या प्रत्येक वर्गात मी ही गोष्ट सांगत आलो. बायकोची डाव्या हाताची गोष्टही सांगायचो. "सांगणाऱ्याला कधी पकडू नका," मी फळ्यावर लिहायचो. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पुढचं सांगतो.

मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत लागून तीनेक वर्षं झाली होती. पुण्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये होतं, जसं पूर्वी ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी दारूगोळ्याच्या कारखान्यात असायचं. तिचं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधण्याचं. म्हणजे आमचीच गादी तिनं पुढे चालवली. "बाबा, आमच्याकडेही हिरवा, पिवळा, लाल असतो," ती म्हणायची. "स्क्रीन हिरवी दिसली की मॅनेजर पिझ्झा मागवतो." मी म्हणायचो, "आमच्याकडे हिरवी दिसली की मी बॅग भरतो." मग तिला कंपनीनं वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवलं, आणि घरात आठवड्याचे पाच दिवस बायको एकटी राहायला लागली.

त्या दिवसांतला एक शनिवार. मी कॅलेंडर वाचत होतो. बुधवारच्या चौकटीत लिहिलं होतं, 'बस चुकली.' मी विचारलं, चुकली म्हणजे निघून गेली का? ती पोळ्या करत होती. पाठमोरीच म्हणाली, "नाही हो. मीच चुकले. खडकी आली ते कळलंच नाही. दापोडीचा पूल ओलांडून पिंपरीपर्यंत गेले. तिथे उतरले आणि घर कुठल्या बाजूला ते सुचेना. तासभर उभी होते." आणि हसली. तिनं ते गमतीसारखं सांगितलं, पण सांगितलं. पंचवीस वर्षं रोज याच बसनं येणारी बाई आपण होऊन मला सांगत होती. तो पाळीप्रमुख जसा आला होता तशी.

आणि मी काय केलं? मी पेन काढलं. कागद घेतला. कुठली बस, किती वाजता, डबा खाल्ला होतास का, आदल्या रात्री झोप झाली होती का, खिडकीत बसली होतीस की आत, विचार कसला करत होतीस. कारणाचं कारण, त्याचं कारण, असे बाण काढत गेलो. ऑफिसात आम्ही हेच करायचो आणि मला त्यात फार गती होती. ती उत्तरं देत राहिली. एका प्रश्नाला थांबली, म्हणाली, "ते नाही आठवत." मी म्हणालो, "अगं, आठवत नाही म्हणजे काय? परवाची तर गोष्ट." तव्यावरची पोळी करपली. तिनं ती उचलून बाजूला ठेवली आणि तिचा चेहरा मिटला. हा शब्द मी विचार करून वापरतोय. संध्याकाळी दुकानाची फळी लावतात तसा मिटला.

कागदाच्या तळाला मी निष्कर्ष लिहिला, 'लक्ष नव्हतं.' उपाय म्हणून एका चिठ्ठीवर बसचा नंबर आणि थांब्याचं नाव लिहून तिच्या पर्समध्ये ठेवलं. आपण किती काळजी घेतो, असं वाटून मला समाधानही झालं. डॉक्टरकडे चल, असं म्हणालो नाही. भीती वाटली का, असंही विचारलं नाही. ते विचारायला कागद लागत नव्हता.

पुढच्या शनिवारी कॅलेंडरवर सोमवार ते शुक्रवार एकच शब्द होता. निरंक. माझ्याकडूनच ती तो शिकली होती. मी खो खो हसलो. "वा! हा आठवडा भलताच चांगला गेला म्हणायचा," मी म्हणालो. ती म्हणाली, "हो ना."

त्यानंतर चौकटींत पुन्हा थोडं थोडं येत गेलं, पण बेताचं. 'पाणी उशिरा आलं.' 'शेजारी लग्न.' काही महिन्यांनी एकदा माझ्या लक्षात आलं की पाचही दिवसांची अक्षरं एकाच निळ्या शाईत आहेत, एकाच तिरक्या ओळीत. शुक्रवारी संध्याकाळी बसून भरलेली. मी ओळखलं! ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मला दिसलं होतं. मी थट्टा केली, "बाई, सगळ्या पाळ्या एकाच माणसानं भरलेल्या दिसतात."

"घरात माणूस एकच आहे," ती म्हणाली.

काय पण पुणेरी उत्तर, म्हणून मी ते सोमवारी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

मग तिनं अचानक नोकरी सोडली, अजून काही वर्षं शिल्लक असताना. म्हणाली, हल्लीच्या पोरांचा कंटाळा आला. ज्या बाईला दिवाळीच्या सुट्टीचा कंटाळा यायचा तिला पोरांचा कंटाळा आला, आणि मी म्हणालो, ठीक आहे, दगदग वाचेल. निरोप समारंभ झाला त्या दिवशी शाळेचा शिपाई तिला थांब्यापर्यंत सोडायला आला आणि बसमध्ये बसवून कंडक्टरला काहीतरी सांगून गेला. मला वाटलं, किती माया. तो वर्षभर रोज येत होता हे मला नंतर कळलं.

मी निवृत्त झालो. मुलगी परत आली होती. तिचं ऑफिस नगर रस्त्याला, म्हणून तिनं वाघोलीत फ्लॅट घेतला आणि आम्हाला तिकडे नेलं. केंद्रात साधा एक नळ इकडचा तिकडे करायचा झाला तरी त्यानं काय काय बदलेल याचा आधी अभ्यास करावा लागतो, मंजुरी घ्यावी लागते. बायकोचं अख्खं घर आम्ही एका टेम्पोत घालून हलवलं आणि कुणी काही अभ्यास केला नाही. खडकीच्या खोल्यांत तिचा हात अंधारातही बटणावर बरोबर पडायचा. इथे ती दिवसाउजेडी पॅसेजमध्ये उभी राहून चारही दारांकडे बघायची. मी म्हणायचो, "नवीन आहे, होईल सवय."

वास्तुशांतीला खडकीची शेजारीण आली होती. जेवणं चालू होती, मी जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत फिरत होतो. तिनं माझा हात धरून हळूच विचारलं, "अहो, वहिनींचं आता बरंय ना? तिकडे शेवटी शेवटी मीच रोज दोनदा जाऊन गॅस बंद आहे का बघायचे. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. यांना कामाचा ताण असतो म्हणाल्या."

मी पुढच्या पानावर जिलेबी वाढली. पुढे आणखी चार जणांना वाढली.

आम्ही तिला डेक्कनवरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?" ती म्हणाली, "तुमच्या मागे कॅलेंडर आहे की. वळा जरा." डॉक्टर हसले. "बरं, पंतप्रधान कोण?" ती म्हणाली, "कुणी का असेनात, आपल्याकडे पाणी एकच वेळ येणार." मुलगीसुद्धा हसली. मग डॉक्टरांनी तारीख विचारली आणि ती तिनं चटकन, अगदी बरोबर सांगितली. मला क्षणभर वाटलं, शेजारणीचंच काहीतरी चुकलं असेल. नंतर पाण्याचा ग्लास घेण्यासाठी तिनं मूठ उघडली. तळहातावर बॉलपेननं बारीक अक्षरात तारीख होती, वार होता, आणि खाली आमच्या मुलीचं नाव होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं तपासणीची तयारी केली होती. डॉक्टरांनीही ते पाहिलं आणि पुढचे प्रश्न त्यांनी मला बाहेर बोलावून विचारले. कधीपासून? मी पिंपरीच्या बसचं सांगितलं. ते म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर आजार बरा झाला असता असं नाही, पण या वर्षांत त्यांना एकटीनं घाबरावं लागलं नसतं. हे वाक्य मी रोज एकदा तरी ऐकतो.

जुनी कॅलेंडरं ती फेकत नसे. मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायला उपयोगी पडतात, म्हणून गुंडाळी करून पलंगाखाली ठेवायची. एका दुपारी ती झोपलेली असताना मी ती गुंडाळी काढली आणि जमिनीवर पसरून बसलो. आयुष्यात मी इतकी नीट तपासणी कधी केली नसेल. त्या बसच्या बुधवारापर्यंत रंगीबेरंगी चौकटी. काळी शाई, लाल शाई, पेन्सिल, मध्येच हळदीचं बोट. 'मीठ दोनदा.' 'चावी फ्रिजमध्ये सापडली, हा हा.' सांगत होती ती. वर्षभर सांगत होती आणि मी मिठावर विनोद करत होतो. त्या बुधवारानंतर निरंक, आणि मग ती एका शाईची तिरकी ओळ. कारण शोधायला बाण काढायची गरज नव्हती.

पान उलटावं म्हणून उलटलं नाही, ते आपोआप उलटलं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पाककृती असतात, राशिभविष्य असतं. नवशिक्या तपासनिसांना मी नेहमी सांगायचो, कागदाची मागची बाजू बघा. लोणच्याच्या कृतीशेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं लिहिलेलं होतं. 'दूध उतू. परत.' 'वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीचं नाव आलं नाही, बाळ म्हटलं.' 'बस बरोबर.' 'बस बरोबर.' 'गॅस.' 'सातचा पाढा अडला.' पानामागून पान. माझ्याच पद्धतीनं तिनं सगळं नोंदवलं होतं, आणि मी कधीच बघणार नाही अशा जागी. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'यांना सांगावं का? शनिवारी बघू.' आणि खाली, दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी, वेगळ्या पेन्सिलीनं, 'नको. प्रश्न विचारतात.'

ती उठून बाहेर आली, पसरलेल्या कॅलेंडरांकडे बघून म्हणाली, "कव्हरं घालायची आहेत का?" मी हो म्हणालो. मग आम्ही दोघांनी मिळून ती परत गुंडाळली. मला रडू आवरत नव्हतं, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, शाळेत पडलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

आता घरात प्रत्येक दारावर पाटी आहे. बाथरूम, देवघर, बाहेर. पाट्या मी स्वतः लिहिल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, अक्षरं ठसठशीत. एक पुसट झाली की लगेच दुसरी लावतो. लिहिताना तो पाळीप्रमुख आठवतो. त्यानं एवढंच मागितलं होतं.

काही दिवसांपूर्वीची गोष्ट. मुलीनं एक अल्बम आणून ठेवलाय, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून मी दुपारी चहाच्या आधी तो तिच्यापुढे उघडतो. मोठ्या अक्षरात खाली नावं आहेत, ती मी हातानं झाकतो आणि विचारतो. त्या दिवशी पहिलाच फोटो आमच्या लग्नातला निघाला. मी फोटोतल्या माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कोण गं?"

तिनं फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर पिंपरीच्या थांब्यावर जे असेल ते आलं. मग ती खुर्चीत ताठ बसली आणि तिनं हात वर केला. सरळ, कोपरात न वाकवता, बोटं जुळवून, वर्गातल्या मुलासारखा. डावा हात.

मी अल्बम मिटला. खाली नाव आहे, वाचून दाखव, असं मी म्हणू शकलो असतो. डॉक्टर म्हणतात तसं करावं, सराव राहतो. मी तिच्याकडे बघून म्हणालो, "वर्गाची तयारी उत्तम आहे, बाई."

तिचा हात खाली आला. तिला इतकं हायसं वाटलं की ती चक्क हसली. "साहेबांना चहा सांगते," असं म्हणून ती शिपायाला हाक मारण्यासाठी दाराकडे बघायला लागली. मी उठलो आणि चहा ठेवला.